'बर्न' म्हणजे नेमकं किती जळलं?

एखाद्या आगीच्या इंग्रजी वृत्तांतात सहज लिहिलेलं असतं: भिंती 'स्कॉर्च' झाल्या, तुळया 'चार्ड' झाल्या, दप्तरातले कागद 'इन्सिनरेट' झाले आणि ढिगारा पुढचे दोन दिवस 'स्मोल्डर' होत राहिला. शब्दकोशात बघितलं तर प्रत्येक शब्दापुढे फिरून फिरून 'जळणे' सापडतं. ते चूक नाही, पण त्यातून फारसं काही कळतही नाही. विम्याचा दावा तपासणाऱ्याला मात्र याच वाक्यातून बरंच कळलेलं असतं. भिंतींचं रंगाने भागेल, तुळया किती आतपर्यंत गेल्यात ते मोजावं लागेल, कागदांची आशा सोडायची आणि ढिगाऱ्यात एवढ्यात पाय घालायचा नाही.

असा बारकावा मराठीतही आहे. करपणं, होरपळणं, पोळणं, भाजणं, धुमसणं, भडकणं यांपैकी एकाच्या जागी आपण दुसरा शब्द वापरत नाही. अडचण इतकीच, की दोन्ही भाषांनी रेघा वेगवेगळ्या ठिकाणी ओढल्या आहेत. 'होरपळणं' म्हणताना मराठीची नजर सोसणाऱ्यावर असते. इंग्रजी शब्द बहुतेक वेळा दोन गोष्टी सांगतात: उष्णता वस्तूत किती खोल शिरली, आणि मागे काय उरलं. म्हणून ते यादी करून पाठ होत नाहीत. लाकडाचा तुकडा आगीत टप्प्याटप्प्याने कसा जातो ते एकदा समजलं, की शब्द आपापल्या जागी बसतात.

वरवरची आच

सगळ्यात उथळ 'सिंज'. केसांची टोकं, लोकरीचे तंतू, कागदाची कड आच लागताक्षणी आखडते, उग्र वास सुटतो, आणि तेवढ्यावर थांबतं. 'स्कॉर्च' त्याच्या एक पायरी खाली. इथे पृष्ठभागाचा रंग बदलतो, आधी पिवळट, मग तपकिरी. तापलेली इस्त्री कापडावर राहिली की उमटतो तो डाग स्कॉर्चचा. कापड अजून कापडच असतं. रणरणत्या उन्हाने गवत करपलं तरी हाच शब्द चालतो, त्यासाठी ज्वाळा लागत नाही.

'सीअर'चा जुना अर्थ सुकणं, वाळून जाणं. आज तो तीव्र उष्णता क्षणभरच लावून वरचा थर घट्ट करण्यासाठी वापरतात. पूर्वी जखमेवर तापलेलं लोखंड टेकवून रक्त थांबवत, ते सीअर. म्हणूनच मनावर डागल्यासारखी राहिलेली आठवण इंग्रजीत 'सीअर' होते, 'सिंज' होत नाही.

'स्कॉल्ड' याच रांगेत दिसतो, पण त्याला आगीची गरजच नाही. उकळतं पाणी किंवा वाफ अंगावर आली की स्कॉल्ड. त्याचं मूळ गरम पाण्याने धुण्याच्या एका उत्तरकालीन लॅटिन क्रियापदात आहे. डॉक्टरी इंग्रजीत कोरड्या उष्णतेची इजा 'बर्न' आणि ओल्या उष्णतेची 'स्कॉल्ड' अशी वाटणी असते. मराठीत 'भाजलं' म्हटलं की दोन्ही आलं.

कोळसा होतो तो क्षण

इथून पुढे प्रकरण गंभीर होतं. लाकूड साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या पुढे तापलं, की त्याची रासायनिक घडणच मोडायला लागते. त्यातून पेट घेणारे वायू बाहेर पडतात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. यालाच 'चारिंग' म्हणतात. (आकड्यातल्या चारशी याचा संबंध नाही, उच्चार मात्र दुर्दैवाने तोच आहे.) आपण 'लाकडाला ज्वाळा लागल्या' म्हणतो तेव्हा पेटलेलं असतं ते लाकडातून निघालेल्या वायूंचं मिश्रण. लाकूड स्वतः त्याखाली काळं पडत असतं.

गंमत अशी, की या अवस्थेत वस्तू संपलेली असते पण तिचा आकार शिल्लक असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तंतोतंत खरी आहे. जळून काळ्या झालेल्या लाकडात पेशींच्या भिंती आणि वाढीची वर्तुळं टिकून राहतात. कार्बन सहजासहजी कुजत नाही, त्यामुळे हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीतला कोळसा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो कोणत्या जातीच्या झाडाचा, हे पुरातत्त्वज्ञ सांगू शकतात. ज्यांनी ती चूल पेटवली त्यांच्याबद्दल इतर काहीच पुरावा उरलेला नसला तरीही.

हा काळा थर उष्णता आत जाऊ देण्यात कंजूष असतो. जाड तुळईवर तो चढला की आतलं लाकूड काही काळ सुरक्षित राहतं. युरोपातल्या बांधकाम मानकांत सॉफ्टवुडसाठी, म्हणजे पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडासाठी, चारिंग आत सरकण्याचा वेग मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर धरतात. म्हणजे अर्ध्या तासात साधारण दोन सेंटिमीटर. अभियंते तेवढी जाडी आधीच जास्त ठेवतात. उघडं पोलाद मात्र ५५० ते ६०० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून बसतं. लाकूड जळतं आणि लोखंड जळत नाही, एवढ्यावरून घर कोणतं जास्त वेळ उभं राहील हे ठरवता येत नाही ते यामुळे.

क्रियापदाचा जन्मही उलटा आहे. आधी 'चारकोल' हे नाम होतं, आणि सतराव्या शतकात त्याचा पुढचा तुकडा तोडून लोकांनी 'चार' हे क्रियापद बनवलं. 'कोल' शब्दाचा जुना अर्थही खाणीतला दगडी कोळसा असा नव्हता. तो होता निखारा किंवा लाकडाचा कोळसा. खाणीतल्या मालाला इंग्लंडमध्ये बराच काळ 'सी-कोल', समुद्री कोळसा, असं वेगळं म्हणावं लागत होतं.

एका शब्दावर टांगलेला जीव

स्कॉर्च आणि चार यांतला फरक केवळ भाषेच्या हौशी लोकांचा आहे असं वाटत असेल, तर इंग्रजी न्यायालयांचा जुना कायदा बघावा. दुसऱ्याचं राहतं घर हेतुपुरस्सर जाळणं म्हणजे 'आर्सन', आणि त्याला एके काळी देहदंड होता. मग प्रश्न उभा राहायचा: जाळलं असं केव्हा म्हणायचं? उत्तर असं ठरत गेलं. धुराने भिंत काळवंडली तर पुरेसं नाही. लाकूड नुसतं स्कॉर्च झालं तरी पुरेसं नाही. पण घराच्या लाकडाचा अगदी छोटासा भाग जरी चार झाला, म्हणजे त्याचे तंतू आगीने नष्ट झाले, तरी गुन्हा पूर्ण. ज्वाळा कोणी पाहिलीच पाहिजे असंही नव्हतं, घर कोसळायला हवं असंही नव्हतं.

कायद्याने काढलेली ही रेघ मला फार आवडते, कारण ती रसायनशास्त्राने काढलेल्या रेघेवरच पडली आहे. रंग बदलला तर वस्तू तीच. घडण मोडली तर ती वस्तू राहिली नाही. इंग्लंडने १९७१ च्या कायद्याने आर्सनची ही जुनी व्याख्या रद्द केली. आता आगीने मालमत्तेचं नुकसान केलं की आर्सन. 'आर्सन' शब्द लॅटिनमधल्या जळण्याच्या धातूतून फ्रेंचमार्गे आला. उत्कटतेसाठीचा 'आर्डर' त्याचा सख्खा भाऊ.

ज्वाळेसह आणि ज्वाळेविना

ज्वाळा म्हणजे जळता वायू. तिचा पिवळा रंग येतो तो तिच्या आत तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांमुळे. मोठी, मोकळी, उजेड पाडणारी आग 'ब्लेझ'. एकदम उसळून खाली बसणारी 'फ्लेअर'. वर्तमानपत्रांना 'ब्लेझ' प्रिय आहे, कारण मथळ्यात जागा कमी लागते. 'कॉन्फ्लाग्रेशन' हा नुसता जड शब्द वाटतो, पण अग्निशमनाच्या आणि विम्याच्या भाषेत तो रस्ते आणि मोकळ्या जागा ओलांडून एका इमारतीवरून दुसरीवर जाणाऱ्या आगीसाठी राखून ठेवलेला आहे. एक गोदाम कितीही भडकलं तरी तेवढ्याने कॉन्फ्लाग्रेशन होत नाही.

'स्मोल्डर' मात्र वेगळ्या जातीचं जळणं आहे. इथे वायू पेटत नाहीत. घन पदार्थाच्या पृष्ठभागाला ऑक्सिजन मिळतो आणि तो तिथेच, सावकाश, ज्वाळेविना जळत राहतो. कापसाचे गठ्ठे, भुसा, दलदलीतलं वाळलेलं पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर), कोळशाचे थर असे धुमसतात. हे पाण्याने लवकर विझत नाही, कारण आग वर दिसते तिथे नसतेच. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलिया गावाखालचा कोळसा १९६२ पासून जळतो आहे. गाव जवळजवळ रिकामं झालं. ऑस्ट्रेलियातल्या माउंट विंगेनखाली कोळशाचा थर सुमारे ६,००० वर्षं धुमसत असल्याचा अंदाज आहे. या शब्दाला आपला 'धुमसणं' अगदी फिट्ट बसतो, अगदी मनातल्या रागापर्यंत.

क्रियापदाला चिकटणाऱ्या छोट्या शब्दांचा इथेच उल्लेख करून टाकतो, कारण विद्यार्थी त्यांनी हैराण होतात. घर 'बर्न डाउन' होतं आणि कागद 'बर्न अप' होतो. एकाच घटनेत एक खाली आणि एक वर कसं? 'डाउन'मध्ये उभी वस्तू जमिनीला मिळाली हे दिसतं, 'अप'मध्ये वस्तू पूर्ण संपली हे. 'बर्न आउट' म्हणजे इंधन संपून आग आपोआप विझली, आणि थकून रिकामा झालेला माणूस त्यावरूनच आला.

घरचे शब्द, दरबारी शब्द

बर्न, ॲश, सूट, एम्बर, सिंज हे सगळे जुन्या इंग्रजीतले, चुलीशी बसणाऱ्यांचे शब्द. इग्नाइट, कम्बशन, इन्सिनरेट, क्रिमेट हे लॅटिनमधून आलेले. ते अहवालात, प्रयोगशाळेत आणि कायद्यात राहतात. 'इग्नाइट'च्या मुळाशी असलेला लॅटिन 'इग्निस' आणि आपला 'अग्नि' एकाच घराण्यातले आहेत. घरच्या शब्दांतही आपले नातेवाईक निघतात: काजळीसाठीचा 'सूट' हा बसणं या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूतून आला, त्यातूनच इंग्रजी 'सिट' आणि संस्कृत 'सद्' आले. काजळी म्हणजे जे येऊन बसतं ते.

'इन्सिनरेट'मध्ये लॅटिनमधली राख आहे. शब्दशः राखेत घालणं. म्हणून या क्रियापदानंतर आकार उरत नाही. मग 'सिंडर'ही त्याच कुळातला असणार, असं कोणालाही वाटेल. तसं नाही. जुन्या इंग्रजीत तो आजच्या 'सी'ऐवजी 'एस' या अक्षराने लिहिला जायचा आणि धातू वितळवताना निघणारा मळ असा त्याचा अर्थ होता. फ्रेंचमधल्या राखेच्या शब्दाशी साम्य वाटल्यामुळे पुढे स्पेलिंग त्याच्यासारखं झालं.

काय उरलं?

आगीनंतर उरलेल्या वस्तूंना इंग्रजीत बरीच नावं आहेत. 'एम्बर' अजून जिवंत आहे, लाल आहे, फुंकर घातली तर पुन्हा पेटेल: आपला निखारा. वणव्यात घरं पुष्कळदा समोरून आलेल्या ज्वाळांनी पेटत नाहीत. वाऱ्यावर उडालेले एम्बर छपराच्या फटीत जाऊन पडतात आणि आग तिथून लागते. एम्बर विझला, पण आत अजून जळण्याजोगं काही उरलं, तर तो 'सिंडर'. दगडी कोळशाची राख भट्टीत वितळून दगडासारखी घट्ट झाली तर 'क्लिंकर'. हा डच शब्द आधी अशा पक्क्या विटेसाठी होता जिच्यावर ठोकलं की खणखणीत आवाज येतो. हवेविना तापवून लाकडाचा मिळतो तो चारकोल, दगडी कोळशाचा मिळतो तो कोक. १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने इंग्लंडमधल्या कोलब्रूकडेलला कोक वापरून लोखंड गाळलं.

मुख्य जोडी मात्र 'सूट' आणि 'ॲश'ची, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. दोन्ही पूड, दोन्ही आगीतून आलेली. पण सूट म्हणजे जे जळायला हवं होतं आणि ऑक्सिजन कमी पडल्यामुळे जळायचं राहिलं, तो कार्बन. ॲश म्हणजे जे कधी जळणारच नव्हतं: झाडाने मातीतून शोषलेलं कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे क्षार. सुक्या लाकडाच्या वजनात हा वाटा बहुधा एक टक्क्याच्या आसपासच असतो. आग जितकी अपुरी तितकी काजळी जास्त. आग जितकी पूर्ण तितकी राख पांढरी. कोळशाच्या तपासणी अहवालात 'ॲश' इतके टक्के असं लिहिलेलं असतं तेव्हा कोळसा अजून जळलेलाही नसतो. त्यातला न जळणारा हिस्सा किती, एवढंच ते सांगत असतं.

ही राख एके काळी मोठा उद्योग होता. लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवलं की तळाशी क्षार उरायचा. भांडं म्हणजे 'पॉट', म्हणून 'पोटॅश'. साबण आणि काच त्याच्याशिवाय होत नसत. अमेरिकेचं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० चं, सॅम्युअल हॉपकिन्स यांच्या पोटॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीला मिळालं. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने एक नवा धातू वेगळा केला आणि त्याला 'पोटॅशियम' नाव दिलं. त्याची खूण 'के' आहे ती 'कॅलियम'वरून, आणि तोही शब्द अरबीतून आला, जिथे त्याचा अर्थ होता एका वनस्पतीची राख. 'अल्कली'ही त्याच अरबी शब्दाचं रूप. खताच्या पोत्यावर 'पोटॅश' वाचणाऱ्याला ही भांड्यातली राख दिसत नाही, इतकंच.

याच्या उलट, ज्वालामुखीची 'ॲश' ही राख नाहीच. तिथे काही जळलेलं नसतं. उद्रेकात खडक आणि लाव्हा फुटून झालेले दोन मिलिमीटरहून बारीक खडकाचे आणि काचेचे कण, एवढंच ते असतं. ते विमानाच्या इंजिनात वितळून चिकटतात. १९८२ मध्ये जावाजवळ एका जम्बो जेटची चारही इंजिनं अशीच बंद पडली. विमान बरंच खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली. २०१० मध्ये आइसलँडच्या उद्रेकानंतर युरोपातली विमानं थांबवावी लागली ती याच धास्तीने. नाव 'ॲश' असल्यामुळे लोकांना वाटतं, मऊ राखेला इतकं काय घाबरायचं!

अनेकवचनाने अर्थ पुन्हा बदलतो. 'ॲश' हा पदार्थ. 'ॲशेस' म्हणजे अवशेष, विशेषतः माणसाचे. दहनानंतर कलशात मिळतं त्यात खरी राख थोडीच असते. बहुतांश असतो हाडांतला कॅल्शियम फॉस्फेट, यंत्रात दळून बारीक केलेला. या बाबतीत आपला 'अस्थी' हा शब्द इंग्रजीपेक्षा अचूक आहे. क्रिकेटमधली 'ॲशेस'ही याच अर्थाची. ऑगस्ट १८८२ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला सात धावांनी हरवलं आणि 'स्पोर्टिंग टाइम्स'ने इंग्लिश क्रिकेटचा मृत्युलेख छापला: पार्थिवाचं दहन होईल आणि ॲशेस ऑस्ट्रेलियाला नेल्या जातील. आज आपल्याला त्यातला दहनाचा भाग साधा वाटतो. पण तेव्हा इंग्लंडमध्ये मृतदेह जाळणं कायदेशीर आहे की नाही, यावरच वाद चालू होता. ते बेकायदेशीर नाही असा निर्णय १८८४ मध्ये कार्डिफच्या न्यायालयात झाला आणि पुढच्या वर्षी वोकिंगला अधिकृत दहनं सुरू झाली. म्हणजे विनोद बातम्यांत असलेल्या विषयावर बेतलेला, चांगलाच धारदार होता.

आग लपवून बसलेले शब्द

काही शब्दांत आग आहे हेच आता कोणाला आठवत नाही. 'कर्फ्यू' हा जुन्या फ्रेंचमधल्या 'आग झाका' या शब्दांचा. लाकडी घरांच्या मध्ययुगीन गावांत रात्री घंटा वाजली की चुली झाकून ठेवायच्या. 'ब्रँड' म्हणजे पेटतं लाकूड. मग तापल्या लोखंडाने गुरांवर डागलेली खूण. मग मालावरची खूण. 'ब्रँड न्यू' म्हणजे नुकतंच भट्टीतून काढलेलं. 'ब्रँडी' ही डच भाषेतली 'जाळलेली वाइन', म्हणजे उष्णता देऊन ऊर्ध्वपातित केलेली. शाईसाठीचा 'इंक' ग्रीकमधल्या 'आत जाळून उमटवलेलं' या शब्दातून आला. आणि 'बॉनफायर' मुळात हाडांची आग. १४८३ च्या एका इंग्रजी-लॅटिन शब्दसंग्रहात तसा स्पष्ट अर्थच दिलेला आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात त्याचा संबंध फ्रेंचमधल्या 'चांगला'शी जोडला. तो चुकला, पण त्याची व्युत्पत्ती अजून फिरते आहे.

टँकरवर लिहिलेला 'इन्फ्लेमेबल' हा मात्र जपून वाचायचा शब्द. 'इन' लागला की अर्थ उलटतो या सवयीने कोणी त्याचा अर्थ 'न पेटणारा' असा लावला तर काय होईल, हे सांगायला नको. इथला 'इन' नकाराचा नसून 'आत पेट घेणं' यातला आहे. इन्फ्लेमेबल आणि फ्लेमेबल यांचा अर्थ एकच, सहज पेटणारं. हाच गोंधळ टाळायला अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने १९२० च्या दशकातच 'फ्लेमेबल' वापरण्याचा आग्रह धरला. न पेटणाऱ्या मालावर 'नॉन-फ्लेमेबल' असं लिहिलेलं असतं.